पिवळे हेल्मेट

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आई-वडील दोघेही चळवळीतले. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असत आणि जेवणाची पाने मांडण्याआधी ते कॉटखाली सरकवायचे काम माझ्याकडे होते. पत्रके चिकटवायच्या खळीचा वास आला की मला अजून घर आठवते. त्या पत्रकांनी मला दोन सवयी लावल्या. अन्याय दिसला की डोक्यात वाक्य तयार होते, आणि वाक्य तयार झाले की ते मोठ्याने म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. पुण्याहून सॉफ्टवेअरवाल्यांची विमानेच्या विमाने जपानकडे निघाली होती त्या वर्षांत मीही कॉन्ट्रॅक्टवर आले, तेव्हा या दोन्ही सवयी बरोबर आणल्या.

टोकियोजवळ ग्योतोकुला माझ्या वरच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहत होते. दादा माझ्याच प्रोजेक्टवर टीम लीडर. वहिनी सांगलीच्या, त्यांच्याबरोबर आलेल्या. मुलगी सात वर्षांची, जपानी शाळेत दुसरीत. मराठीत विचारले तरी उत्तर जपानीतच द्यायची. माझी निम्मी जेवणे त्यांच्याकडे होत.

दादा माणूस भला. त्यांची एकच खोड होती, समोर फॉर्म आला की तो भरून टाकायचा. आपला, बायकोचा, मुलीचा, शेजाऱ्याचा. जपानात फॉर्मांना तोटा नाही, आणि सहीच्या जागी तिथे शिक्का मारतात. दुकानात तयार शिक्क्यांचे स्टँड असतात, पण त्यात आपली आडनावे कुठून असणार. म्हणून दादांनी आल्याच्या पहिल्या आठवड्यात आडनावाचा शिक्का मुद्दाम कोरून घेतला होता. घरात तो एकच. तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे. उन्हाळ्यात मुलीच्या शाळेत पोहण्याचे तास असत. आज हिची तब्येत बरी आहे, पाण्यात उतरवायला हरकत नाही, अशा अर्थाच्या कार्डावर रोज सकाळी पालकाचा शिक्का लागे. मुलीचा ताप बघायच्या वहिनी, शिक्का मारायचे दादा.

जुलैतल्या एका शनिवारी दादांनी सहल ठरवली. ओकुतामाच्या बाजूला तामा नदीवर राफ्टिंग, बरोबर गाइड, आणि शेवटी धबधब्याखालच्या डोहात पोहणे. आम्ही चौघे. फॉर्म ईमेलने आले. दादांनी घरच्या तिघांचे भरले आणि माझाही भरायला मागितला. मी दिला नाही.

"काय कॉम्रेड, फॉर्म भरण्यातसुद्धा क्रांती?" ते म्हणाले. ऑफिसात ते मला याच नावाने चिडवायचे.

सहलीच्या दिवशी तीन गाड्या बदलून आम्ही डोंगरात शिरलो. रुळांच्या खाली नदी दिसायला लागली तशा वहिनी खिडकीला कपाळ टेकवून बसल्या.

"पाणी गार असणार," त्या म्हणाल्या. "आमच्या कृष्णेचं एप्रिलात कोमट असायचं."

"तुम्ही नदीवर जायचात?"

"जायचे म्हणजे काय, पडलेलीच असायचे. सहा वर्षांची असताना काकांनी पाठीला सुका भोपळा बांधला आणि दिलं घाटावरनं ढकलून. पुढं भोपळा सुटला. पलीकडच्या काठाला शेंगांचं रान होतं. जाऊन यायचे. येताना तोंडात शेंगांचा डहाळा."

"तोंडात?"

"मग? हातांनी पोहायचं का शेंगा धरायच्या?"

"आणि सोडलं कधी?"

"सोडलं कुठं. लग्न होऊन पुण्याला आले, तिथल्या नदीत उतरशील का तू? मग इकडं."

समोरच्या बाकावर दादा मुलीला बूट घालत होते. त्यांनी अर्धेच ऐकले असावे. "अगं, ते नदीतलं डुंबणं. पोहण्याला टेक्निक लागते. मी क्लबमध्ये चार महिने कोचिंग घेतलंय."

"आज क्लबमध्ये चाललोय का दादा आपण?" मी विचारले.

वहिनी नुसत्या हसल्या.

गाइड माझ्याच वयाची होती, बुटकी, उन्हाने रापलेली. आमचे फॉर्म तिने प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवले होते. ते पाहून ती हेल्मेट वाटत होती. निळे म्हणजे पोहता येते, डोहात मोकळे पोहायचे. पिवळे म्हणजे येत नाही; होडीत बसायला मिळेल, पण डोहापाशी काठाला दोर धरून उभे राहायचे. दादांना निळे मिळाले. मुलीला निळे मिळाले. मला पिवळे, आणि ते योग्यच होते. माझ्या आई-वडिलांनी मला मोर्चात चालायला शिकवले, पाण्यात हातपाय मारायला नाही, आणि फॉर्मवर मी खोटे लिहिले नव्हते.

वहिनींना पिवळे मिळाले.

"दादा, तुम्ही वहिनींचं काय लिहिलंत?"

"येत नाही असं लिहिलं. सेफ्टीचा प्रश्न आहे. नऊ वर्षं झाली तिनं पाण्यात पाय घालून."

"त्यांना विचारलंत?"

"ऑफिसातून फोन करून विचारायचं का, अगं, तुला पोहायला येतं का म्हणून?"

"हो."

"आज शनिवार आहे कॉम्रेड. मोर्चा सोमवारी काढू."

माझे वाक्य तयार झाले होते. मी तडक गाइडकडे गेले. माझे जपानी ऑफिसात शिकलेले, चुका आणि मुदती सांगण्यापुरते. त्या जपानीत मी भाषण केले. ही बाई मोठी नदी ओलांडत असे. हा कागद तिच्या नवऱ्याने तिला न विचारता भरला. बायकांना काय येते ते पुरुष ठरवतात, आणि तुम्ही त्यावर विश्वास ठेवून हेल्मेट वाटता, हे बरोबर नाही. गाइडने मला मध्ये तोडले नाही. सगळे ऐकून तिने एकच विचारले, "होन्निन वा?"

जपानी कचेऱ्यांत हा शब्द रोज कानावर पडतो. होन्निन म्हणजे ज्याची बाब आहे तो माणूस स्वतः. बँकेत, पोस्टात, कागदात काही बदलायचे तर होन्निन समोर लागतो. ती विचारत होती, त्या स्वतः काय म्हणतात?

मी वळून पाहिले. वहिनी पिवळ्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत होत्या.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "यांनी मला न विचारता लिहिलं, तू मला न विचारता भांडायला गेलीस. दोघं एकाच घरचे शोभता."

उभ्या आयुष्यात मी नेहमी बरोबर बाजूला उभी राहिलेली. आज मी आणि फॉर्म भरणारा माणूस एका ओळीत होतो, आणि त्यावर माझ्याकडे तयार वाक्य नव्हते. मी होडीत जाऊन बसले.

होडी रबरी, फुगवलेली. आम्ही कडेवर बसून वल्ही मारायची, गाइड मागून दिशा धरणार. पहिल्या उताराला मी नाका-तोंडात पाणी घेतले आणि दादांनी वल्हे सोडून दोर धरला. वहिनी पुढे डाव्या अंगाला होत्या. तिसऱ्या उताराच्या आधी त्यांनी वल्हे उचलून पाण्याकडे दाखवले.

"तिथं आत खडक आहे. पाणी बघा कसं फुगलंय. डावीकडनं घ्यायला पाहिजे."

"तिला कळतंय ना, गाइड आहे ती," दादा म्हणाले.

गाइडला मराठीचा एक शब्द समजला नसणार. पण तिने वल्ह्याचे टोक पाहिले आणि होडी डावीकडून काढली. त्यानंतर मी दोनदा पाहिले, ती पाण्याऐवजी वहिनींची मान कुठे वळते ते बघत होती.

डोह छोट्या ओढ्याच्या तोंडाशी होता. वरून धबधबा पडत होता, उंच नाही, पण बोललेले ऐकू येऊ नये इतका. पाणी हिरवे काळे. डोहातून नदीकडे ओढ होती आणि मधे एक काळा खडक वर आलेला. गाइडने काठाला दोर बांधला. मी तो धरला. दादा छातीपर्यंत आत गेले, त्यांचा श्वास अडकला, आणि थोडे ऊन घेतो म्हणून बाहेर आले.

मुलगी निळे हेल्मेट घालून गाइडचा हात धरून उभी होती. आई मागे येते आहे असे पाहून ती वळली आणि जपानीत, शाळेत बाई सांगतात त्या सुरात म्हणाली, की मामाने (तिथे मुले आईला मामा म्हणतात) इथेच थांबायचे, मामाला पोहता येत नाही, धोका आहे.

"तुला कोणी सांगितलं?" वहिनींनी मराठीत विचारले.

मुलीने आईच्या डोक्याकडे बोट दाखवले. पिवळे आहे ना.

वहिनी माझ्याकडे आल्या नाहीत, दादांकडे गेल्या नाहीत. सरळ गाइडसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे जपानी भाजीच्या दुकानातले आणि शाळेच्या फाटकातले होते. त्या म्हणाल्या, "कागद द्या. मी होन्निन."

गाइडने होडीतली पाण्यापासून जपलेली पिशवी उघडली, फाइल काढली, पेन दिले. जपानात कागदावरची चूक गिरवत नाहीत, पांढरा रंगही लावत नाहीत. चुकीच्या शब्दांवर दोन रेघा मारायच्या आणि शेजारी आपला शिक्का मारायचा, म्हणजे ती चूक तुम्हीच दुरुस्त केली असे ठरते. वहिनींनी दोन रेघा मारल्या. शिक्का घरी, ड्रॉवरमध्ये. त्यांनी विचारले, "सही चालेल?" गाइडने विचार करून होकारार्थी मान डोलावली. ओल्या हाताने वहिनींनी देवनागरीत फक्त आपले नाव लिहिले.

"अगं, पूर्ण नाव लिहायचं असतं," दादा मागून म्हणाले.

"अहो, एवढं पुरे."

दादा जवळ आले. आवाज खाली उतरला होता, आणि त्यात टीम लीडर नव्हता. "ओढ बघतेस ना? पाणी बर्फासारखं आहे. छोटीसमोर काही झालं तर?"

"छोटीसमोरच उतरायचंय मला."

गाइडने अट घातली. आधी त्या काळ्या खडकापर्यंत जाऊन परत यायचे, ती स्वतः फेकायचा दोर घेऊन उभी राहणार. वहिनी उतरल्या. गारव्याने त्यांच्या तोंडून आवाज निघाला, आणि मधोमध पोहोचल्यावर त्या थांबल्या. ओढ त्यांना खाली नेऊ लागली. गाइडने दोराचे वेटोळे हातात घेतले. दादा बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरलेले होते. मग वहिनी कुशीवर वळल्या. एक हात पुढे, एक कमरेपाशी, मान वर, असे पोहणे मी कुठल्याही तलावात पाहिलेले नाही. त्या ओढीशी भांडल्या नाहीत, तिरक्या गेल्या, खडकाला हात लावला आणि तशाच परत आल्या.

"या लाइफ जाकिटाची अडचण होते," त्या म्हणाल्या. "यात तरंगता येतं, पोहता येत नाही."

गाइडने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठे वर्तुळ केले. जपानात त्याचा अर्थ पास. मग तिने निळे हेल्मेट शोधले तर होडीत जादा नव्हते. दादांनी आपल्या हनुवटीखालचा पट्टा सोडला.

"हे घे. मला दोरच बरा."

त्यांनी बायकोचे पिवळे घातले आणि माझ्या शेजारी येऊन दोर धरला. मायलेकी हिरव्या पाण्यातून धबधब्याकडे गेल्या आणि पाण्याच्या पडद्यामागे दिसेनाशा झाल्या. दादा मनात आकडे मोजत होते, ओठ हलताना मला दिसत होते. दोन निळी हेल्मेटे बाहेर आली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी आहे ती." मग जरा थांबून, "म्हणजे, माझी नाही. तुला कळलं मला काय म्हणायचंय ते." मला कळले. माझाही ऊर तसाच भरून आला होता, आणि मी तर कोणीच नव्हते.

परतीच्या गाडीत वहिनी झोपल्या. मुलगी समोरच्या एका म्हाताऱ्या जपानी बाईंना सांगत होती, की माझी आई तोंडात शेंगा धरून नदी ओलांडते. ही गोष्ट तिला धबधब्यामागेच कळली असणार. बाईंनी झोपलेल्या वहिनींना बसल्या जागी वाकून नमस्कार केला.

गणपतीत तिथल्या आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघायची. मी या दिवसावर लेख लिहिला, आणि या वेळी छापायला देण्याआधी वर वहिनींकडे घेऊन गेले. वहिनींनी हाताचे पीठ पुसून तो वाचला. एका वाक्यावर थांबल्या. मी लिहिले होते, 'पतीच्या सावलीत दबलेली ही स्त्री'.

"दबलेली कुठं होते मी?"

"मग काय लिहू?"

"लिहू नको काही. पोहले ते लिही."

त्यांनी पेन घेऊन त्या वाक्यावर दोन रेघा मारल्या. मग फ्रीजवरच्या डब्यातून लाकडी शिक्का काढला, लाल शाईवर टेकवला आणि रेघांशेजारी दाबला. त्यांचे पहिले नाव, देवनागरीत. स्टेशनजवळच्या म्हाताऱ्या कारागिराकडे त्या एकट्या जाऊन आल्या होत्या. कागदावर नाव काढून दिले तरी पहिल्या वेळी त्याने ते उलटे धरले आणि वरची रेघ खाली आली. त्यांनी दुसरा करून घेतला. सुट्टी लागेपर्यंत मुलीच्या पोहण्याच्या कार्डावर तोच उमटत होता. हे काय म्हणून शाळेतून फोन आला, तर मुलीनेच फोन घेऊन सांगितले की तो शिक्का मामाचा आहे, बरोबर आहे.

लेख तसाच छापला, ते वाक्य वगळून. मूळ कागद मी पुण्याला आणला. आईने तो वाचला, लाल शिक्क्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हा गठ्ठ्यात टाकू नकोस." तो कॉटखाली गेला नाही. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे, खळीने चिकटवलेला.