लेफ्ट बॅकचा सत्कार

सिझन सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन आठवडे मला नकोसे वाटतात. मॅचेस सुरू झाल्या की बरं असतं, जे व्हायचं ते मैदानात होतं आणि सगळ्यांना दिसतं. त्याआधी मात्र सगळं बोलण्यातच चालतं. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, यंदा कोण चमकणार आणि कोणाचं आता झालं. नगरमध्ये फुटबॉल बघतं कोण, असं कॉलेजातली राहुरी-नेवाशाकडची मुलं मला विचारतात. त्यांच्याकडे कबड्डी आणि क्रिकेट. पण लष्करी कॅम्पाच्या बाजूला आमच्या वस्तीत आजोबांच्या पिढीपासून फुटबॉल आहे. वस्तीचा एक संघही आहे. जिल्ह्याच्या लीगमध्ये तो कधी वर जातो, कधी खाली येतो.

माझा मोठा भाऊ या संघाचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावी बाजू राखणारा. मला कळायला लागल्यापासून मी त्याला त्याच जागेवर पाहत आलो आहे. मधली काही वर्षं तो कॅप्टन होता. आता त्यानं तिशी ओलांडली आहे, एमआयडीसीत पहिल्या पाळीला दिवसभर उभं राहायचं काम आहे, आणि डावा गुडघा कुरकुरतो.

आमच्याकडे एक रीत आहे. यादी ठरेपर्यंत खेळाडूंनी मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं नाही. तिथे पाठीराखे बसतात. किटची वर्गणी तेच गोळा करतात, बाहेरच्या मॅचला टेम्पोही तेच ठरवतात, म्हणून त्यांचं मत धरलं जातं. यादी कोच करतात असं म्हणायचं. आम्ही त्यांना सर म्हणतो. पण सर प्रॅक्टिस संपली की टपरीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसतात, काही बोलत नाहीत, आणि सगळं ऐकून घरी जातात.

दादाला तिथे जाता येत नाही, म्हणून तो मला पाठवायचा. तसं तोंडानं म्हणायचा नाही. "येताना चहा पिऊन ये," एवढंच. मग मी घरी आलो की जेवताना, ताटाकडे बघत विचारायचा, "काय म्हणतायत?" मी अर्धं सांगायचो. उरलेलं त्याला कळत असावं, कारण तो पुढचं विचारत नसे.

टपरीवर मला बसायला जागा मिळते, याचं कारण दादाचा भाऊ असणं जेवढं, तेवढंच माझं कॉलेज. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. मी मराठी घेऊन बी.ए. करतो, पण वस्तीच्या लेखी शिकलेला म्हणजे शिकलेला. कोणाचा बँकेचा अर्ज, कोणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं माझ्याकडे येतं. मला त्यातलं निम्मं येत नाही. तरी नाही म्हणायचं धाडस होत नाही.

टपरी चाचांची. चाचा एके काळचे गोलकीपर, हाताची दोन बोटं कायमची वाकडी. त्यांच्या शेजारच्या बाकावर रिक्षावाले काका, मूळचे सोनईचे. त्यांना गेल्या कित्येक सिझनमधला प्रत्येक गोल कोणाच्या चुकीनं झाला ते पाठ आहे. आणि तिसरा गॅरेजवाला, दादाच्या बरोबरीचा. दादा डावीकडे आणि हा उजवीकडे, असे दोघं किती तरी वर्षं एकत्र खेळले. त्यानं खेळणं मागंच सोडलं, आता त्याचं पोट त्याच्या आधी टपरीवर पोचतं असं चाचा म्हणतात.

यंदा वाद एकाच जागेवर अडला होता. सोनईहून एक एकोणीस वर्षांचा मुलगा इथे आयटीआयला आला होता, मामाकडे राहत होता, आणि डाव्या पायानं खेळत होता. पळायचाही जबरदस्त. पहिल्याच प्रॅक्टिसला त्यानं दादाला दोनदा मागे टाकलं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं, दादानंही.

रिक्षावाले काका रोज सुरुवात एकाच वाक्यानं करायचे. "माझ्या गावचं पोरगं हाय म्हनून म्हनत न्हाई." तसं कोणी विचारलेलं नसायचं. मग गॅरेजवाला म्हणायचा की पळतो ठीक आहे, पण मागे परत येतो का? चेंडू गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. काका म्हणायचे, तुझा दोस्त तरी कुठं परत येतो आता, निघतो पण पोचत न्हाई. यावर हशा पिकायचा. मीही थोडा हसायचो, कारण न हसता बसणं जास्त अवघड होतं. चाचा मोबाईलवर पाहिलेल्या परदेशी क्लबांचे दाखले द्यायचे, तिकडं तिशीनंतर बॅकला मधे घेतात, आपणही घेऊ. मग मधल्याला कुठं घालायचं, यावर आणखी एक संध्याकाळ जायची. तीच माणसं, तोच गुडघा. घरी जाताना माझं डोकं जड झालेलं असायचं.

एका संध्याकाळी एक कॉलेजचा पोरगा म्हणाला की यात एवढं काय आहे, सोनईवाल्याला खेळवा आणि जुन्याला राखीव म्हणून बाकावर बसवा. सगळे त्याच्यावर धावून गेले. कॅप्टन होता तो. त्याला पाणी द्यायला बसवायचं का? माणसाची काही इज्जत ठेवायची की नाही? मग गॅरेजवालाच म्हणाला,

"सत्कार करू त्याचा."

बाकावर सगळे एकदम सैल झाल्यासारखे वाटले. पहिल्या मॅचच्या आधी, मैदानातच. शाल, श्रीफळ, फ्रेम केलेलं मानपत्र. पाहुणा कोण बोलवायचा, यावर चर्चा झाली. शाल कोणत्या रंगाची, यावर तर लेफ्ट बॅकवर झाली नसेल एवढी झाली. सत्काराचा अर्थ तिथे प्रत्येकाला माहीत होता. आमच्याकडे ज्याच्या खांद्यावर शाल पडते तो त्यानंतर पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसतो आणि तिथेच राहतो. पण ते कोणी बोलून दाखवलं नाही. सर उठले, चहाचा ग्लास ठेवला आणि गेले.

चाचा माझ्याकडे वळले. "बेटा, मानपत्र तू लिहायचं."

मी म्हणालो की माझा भाऊ आहे तो, मी कसं लिहू.

"मंग तर लई चांगलं," रिक्षावाले काका म्हणाले. "घरचं मानूस. पर त्याला आत्ताच सांगू नको."

गॅरेजवाला माझ्याकडे पाहत नव्हता. मी हो म्हटलं असं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत मी खरंच लिहायला बसलो. मानपत्रं मी वाचलेली आहेत. त्यांत माणसाच्या कर्तृत्वाचा सुगंध दरवळतो आणि तो सर्वांचा आधारवड असतो. ते दादाबद्दल लिहायला हात होईना. मग त्यानं काय केलं ते आठवायला लागलो. त्यानं फारसे गोल केलेले नाहीत. त्याच्या बाजूनं समोरच्यांचा माणूस आत यायचा नाही, हेच त्याचं काम होतं. जे घडू दिलं नाही ते कसं लिहायचं, मला कळेना. एक आठवत होतं. चेंडू बाहेर गेला की तो दुसऱ्याची वाट न बघता स्वतः धावत जाऊन आणायचा, अगदी गटारात गेला तरी. एवढं लिहून मी थांबलो. हे मानपत्रात शोभणार नाही असं वाटलं, आणि दुसरं काही खरं वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी टपरीवर न थांबता घरी गेलो. दादा खाटेवर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर ओलं फडकं. वहिनी मेथी निवडत होती. आज लवकर आलास, तो म्हणाला. मग नेहमीचंच, "काय म्हणतायत?"

मी सांगितलं. सगळं एकदम, नीट क्रमानंही नाही. सोनईचा मुलगा, शाल, मानपत्र मी लिहायचं हे, आणि सत्काराची गोष्ट तुझ्या दोस्तानंच काढली हेही. सांगताना मला वाटत होतं तो चिडेल. तो फडकं पिळायला लागला.

"घ्या की शाल," वहिनी म्हणाली. "गुडघा तरी राहील जागेवर. रात्रभर कुशी बदलता, मला कळत न्हाई व्हय?"

दादानं फडकं परत गुडघ्यावर ठेवलं. मग मला म्हणाला, "त्यो पोरगा माझ्यापेक्षा चांगला हाय. ते मला कळतंय. पन मी खेळाडू हाय का न्हाई, एवढंच इचारायचंय मला."

मी वहिनीशेजारी बसून मेथी निवडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसनंतर तो रीत मोडून टपरीवर आला. बोलणं तुटलं. कोणीतरी त्याला बसायला जागा केली, तो बसला नाही. सरांसमोर उभा राहिला.

"सर, सत्कार नको. बाकावर बसवा."

चाचांना ते खरंच लागलं. "अरे, कॅप्टन होता तू. तू बाकावर बसलेला लोक बघतील, आम्हाला काय म्हणतील?"

"लोकं म्हंजे तुमीच की, चाचा."

यावर दोघंतिघं हसले, चाचाही नाइलाजानं. गॅरेजवाला म्हणाला, "तुझ्यासाठीच म्हणत होतो रे मी." दादा म्हणाला, "माहितीय," आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात राग नव्हता, पण फार प्रेमही होतं असं मला सांगता येणार नाही. दोघंही थकलेले दिसत होते.

पण रिक्षावाले काकांनी हिशोबाची गोष्ट काढली. बदलीच्या जागा मोजक्या. दादा बाकावर आला तर तिथला एक जण कमी होणार, बहुतेक गेल्या वर्षीचा दुसरा गोलकीपर. त्याचं काय? सगळे दादाकडे पाहू लागले. आपण मागितलेल्या जागेला कोणाचं तरी नाव चिकटलेलं आहे हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. मग म्हणाला की यादी सरांची, मी फक्त माझं मागितलं. आणि निघाला. मी त्याच्यामागे गेलो. मागून लगेच आवाज यायला लागले, दुसरा गोलकीपर ठेवायचा की नाही, त्याच्या उड्या कशा पडतात. दादा कोपऱ्यावर पोचेपर्यंतही त्यांनी दम धरला नाही.

यादीत दादाचं नाव अगदी शेवटी आलं. दुसरा गोलकीपर राहिला. एका मिडफिल्डरचं नाव गेलं, त्यानं वस्तीतलं खेळणंच सोडलं म्हणतात.

पहिली मॅच रविवारी, टळटळीत उन्हात झाली. सोनईचा मुलगा सुरेख खेळला. उत्तरार्धात मात्र त्याच्याकडून एकदा चेंडू निसटला आणि समोरच्यांनी गोल केला. तेव्हा माझ्या शेजारून रिक्षावाले काकाच ओरडले, "आता तरी जुन्याला उतरवा!" चाचांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दादा बाकावरून उठून रेषेबाहेर पळत होता, अंग गरम करत, एक डोळा सरांवर. सरांनी त्याला बोलावलं नाही. तो परत बसला, मग थोड्या वेळानं पुन्हा उठला. मॅच बरोबरीत सुटली.

आम्ही चालत घरी आलो. वाटेत तो सोनईच्या मुलाबद्दल बोलत होता. अंतर राखायला शिकवलं पाहिजे, म्हणाला, फार जवळ जातो. गुडघा दुखत होता की नव्हता, मी विचारलं नाही.

वहिनीनं जर्सी हातात घेतली, पुढून-मागून पाहिली. मातीचा डाग नव्हता. "मळली कुठंय," ती म्हणाली. "घडी करून ठेवू?"

"धू," दादा म्हणाला. "घाम लागलाय तिला. पुढच्या रविवारी लागंल."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जर्सी बादलीत टाकली.