आधी झाडं, मग मासे

रेखाताई मेश्राम यांच्या जर्मनीतल्या आखनच्या घरात सोफा टीव्हीकडे नव्हे, माशांच्या टाकीकडे तोंड करून होता. टीव्ही नव्हताच. पाहुणा काय बोलतो यापेक्षा तो टाकीत कुठे बघतो, यावर त्यांचं लक्ष असे. थेट माशांकडे बघणारा त्यांच्या लेखी कच्चा. ‘हे पान असं लाल कसं?’ असं विचारणारा एखादा निघाला, तर त्याला न मागता दुसरा कप मिळायचा.

मी गेले ती लोणच्याच्या बरणीत गोल्डफिश घेऊन. शिकायला नुकतीच आले होते, खोलीत बोलायला कुणी नव्हतं, म्हणून एक मासा आणि एक नाजूक, पिसासारख्या पानांचं झाड विकत आणलं. आठवड्याभरात झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या. मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी रडगाणं गायलं, तेव्हा बाकी सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले आणि एका अनोळखी बाईंचं उत्तर आलं : मासा घेऊन ये. बसमधली सगळी जर्मन मंडळी माझ्या बरणीकडे बघत होती.

रेखाताईंनी बरणी उजेडात धरली. “गोल्डफिशसमोर इतकं कोवळं झाड ठेवलं तू? म्हणजे कोशिंबीरच वाढली नं त्याला. त्याचा काय दोष?”

ताई नागपूरच्या. एका संशोधन संस्थेत सिरॅमिकवर काम करायच्या, पक्की नोकरी होती. जर्मन झकास बोलायच्या, पण मराठीतली नागपुरी त्यांनी तसूभरही सोडली नव्हती. त्यांनी मला जावा फर्नचा तुकडा दिला. पान चिवट, गोल्डफिश तोंड लावत नाही. मी घरी येऊन तो खड्यांत खोल खोचला आणि वरून चांगला दाबला, कुंडीत रोप लावतात तसा. तो काळा पडून कुजला. ताई पोट धरून हसल्या. आपल्याकडचं प्रत्येक माणूस हेच करतं म्हणाल्या. “याला पुरत नाहीत बाप्पा. दगडावर ठेवायचं, दोरा बांधायचा. धरते ते आपल्या मनानं.”

पुढे आम्ही त्यांच्या घराला वधूवर सूचक केंद्र म्हणायला लागलो. कुणाचं कुणाशी जमतं, हे त्यांना तोंडपाठ. एंजल माशाला उंच रिबिनीसारखी पानं हवीत, त्यांच्यामधून त्याला तिरकं सरकता येतं. नियॉन माशाला भगभगीत उजेड सोसत नाही, त्याच्या डोक्यावर तरंगतं झाड हवं. गप्पीला पिल्लं व्हायची असतील तर शेवाळाची दाट जाळी हवी, नाहीतर आईच पिल्लं गिळते. आणि सगळ्यांच्या आधी झाडं. ती मूळ धरेपर्यंत मासा आणायचा नाही, कितीही जीव तळमळला तरी. हे त्या नव्याने आलेल्या पोरांना सांगायच्या तेव्हा मला कधीकधी वाटे, की विषय माशांचा नाहीच.

मला कोलोनला नोकरी लागली. जाताना मी त्यांच्याकडे नियॉन मागितले, निळ्या रेघेचे, माझे फार लाडके. त्यांनी साफ नाही म्हटलं. कोलोनचं पाणी जड, तुझ्या केटलीतच चुना बसेल, गप्पी ने. मी पुण्याची, पुणेरी पद्धतीने तोंड पाडून उभी राहिले. “आवडणं वेगळं अन् निभणं वेगळं,” एवढंच त्या म्हणाल्या. गप्पी निभले, मान्य करावं लागतं.

ताईंची आई नागपुरात एकटी होती. दर उन्हाळ्यात पाहुणी म्हणून तीन महिने यायची. त्या दिवसांत ताई संस्थेतून लवकर निघत. आई सोफ्यावर मांडी घालून बसे आणि माशांना नातेवाइकांची नावं देई. तळाशी लोळत पडणाऱ्या जाड्या माशाचं नाव मोठा मामा होतं, आणि तो मामा जेवण आलं की कसा पहिला हजर होतो, हे ती मला खऱ्या मामाच्या किश्श्यांसकट सांगायची. आई परत गेली, की आठवडाभर ताई कुणाचा फोन घेत नसत.

मग आई विसरायला लागली. आधी गॅस, मग घराची वाट. तिला कायमचं आखनला आणायचं म्हणून ताईंनी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसाच्या कचेरीत, खेटे घातले, वकील गाठला. जमलं नाही. पुढच्या भेटीत त्या कात्रीने वाळकी पानं छाटत होत्या आणि छाटता छाटताच म्हणाल्या, “इथल्या कायद्यात आई कुटुंबात बसत नाही. आल्झो, तर मग मी जाते.”

मी खूप वाद घातला. इतक्या वर्षांची नोकरी आहे, नागपुरात चांगली बाई ठेवता येईल, हा संसार तुम्ही एकटीने उभा केलाय. त्यांनी कात्री खाली ठेवली. “कोणाजवळ कोण राहते, हे साऱ्या आखनला मी सांगत फिरली. माझ्या आईजवळ कोण राहते, हे मले कळत नसन काय?”

टाकी मोडायच्या दिवशी मी गेले. त्यांनी कुणालाही नुसता मासा दिला नाही. एंजल आपल्या उंच पानांसह संस्थेतल्या एका जर्मन सहकाऱ्याकडे गेले, नियॉन तरंगत्या झाडासकट आखनमध्येच एका नवीन जोडप्याकडे. मला जावा फर्न मिळालं, ज्या दगडाला धरलं होतं त्या दगडासकट. नागपूरला पुन्हा टाकी लावाल ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तिथला मे महिना तू पाहिला नाहीस, पाणी उकळते टाकीत. मग रिकामी काच त्यांनी वर्तमानपत्राने घासून लख्ख केली, आणि आम्ही तिच्याकडे तोंड करून चहा प्यायलो.

मला त्यांची आठवण फार येते. पाणी बदलताना येते, आखनचा फाटा दिसला की येते. तिथे उतरून कुणाकडे जायचं, हा प्रश्न पडतो. मी फर्नचे फोटो पाठवते, त्या पानावरची भोकं बघून पोटॅश कमी पडतंय म्हणून कळवतात. स्वतःबद्दल काही नाही.

मागच्या रविवारी त्यांनी व्हिडिओ कॉल केला. थकलेल्या दिसत होत्या. मी विचारपूस करायला लागले, तर त्यांनी थांबवलं. तू बोलू नको, फोन फक्त टाकीसमोर ठेव म्हणाल्या. मी तो साखरेच्या डब्याला टेकवला आणि बाजूला बसले. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांच्या आईचा आवाज आला, “कोणाचा फोन होय वं?”

“घरचा आहे, आई,” रेखाताई म्हणाल्या.