अक्काच्या पुस्तकाची किंमत

अक्का गेली त्याच्या आदल्या रविवारी मी तिच्याकडं धपाटे खायला गेलो होतो. छावणीतलं तिचं दोन खोल्यांचं घर, ती ओट्याशी उभी आणि मी तिथंच खाली ताट घेऊन बसलेलो. धपाटं ताटात टाकता टाकता तिनं विचारलं, "सुधीर, पुस्तकाची फाईल पाठवलीस का प्रेसवाल्याला?" मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे अक्का. सध्या कामातून डोकं वर काढायला सवड नाही." ती "बरं" म्हणाली आणि दह्याचं भांडं माझ्याकडं सरकवलं. नंतर त्याच आठवड्यात, सकाळी वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलेलो असताना भाच्याचा मेसेज आला... 'मामा, आई गेली. झोपेतच. घरी ये.' निखिलला जन्मापासून ऐकू येत नाही. कानातल्या मशीनवर आणि समोरच्याच्या ओठांवर त्याचं सगळं चालतं, त्यामुळं तो फोन न करता मेसेजच करतो. बस नगर नाक्याच्या पुढं निघून गेली होती. मी उतरलो, उलट्या दिशेची रिक्षा केली. त्या रिक्षात मला पहिल्यांदा आठवली ती फाईल, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

अक्का, म्हणजे सुनंदा, माझी मोठी बहीण. छावणीतल्याच एका शाळेत मराठी शिकवायची. निखिल वर्षाचा झाला तरी हाकेला वळत नव्हता, तेव्हा तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की मशीन लावा, पण बोलायला घरीच शिकवावं लागेल, रोज. अक्कानं नोकरी सोडली. आरशासमोर पोराला मांडीवर घेऊन बसायची. ओठांपुढं कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायची, पट्टी फडफडायची, मग त्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून 'म' म्हणायची. बाजारात नेलं की प्रत्येक भाजी हातात देऊन नाव सांगायची, गिऱ्हाईक मागं खोळंबलं तरी हलायची नाही. मी कधी गेलो की मला हे सगळं बघून कंटाळा यायचा, खरं तर भीतीच वाटायची. एवढं करून काही झालंच नाही तर... असं मनात यायचं. पण झालं. निखिल बोलायला लागला, शिकला, आज एका कंपनीत ड्रॉइंगचं काम करतो. भाऊजी लवकर गेले, त्यानंतर घरातला आवाज म्हणजे या दोघांचाच.

निखिल नोकरीला लागल्यावर अक्कानं हे सगळं लिहून काढलं. 'पाणी म्हणायला शिकताना' असं पुस्तकाचं नाव ठेवलं, कारण निखिलचा पहिला स्पष्ट शब्द तोच होता. हस्तलिखित घेऊन ती एका प्रकाशकाकडं गेली. ते म्हणाले, छपाईचा खर्च तुम्ही करा, आम्ही विक्रीवर दहा टक्के मानधन देऊ. अक्का घरी येऊन मला म्हणाली, "पैसे मीच घालायचे आणि मलाच दहा टक्के, हे कसं रे?" मी कंपनीत कॉस्टिंगचं काम करतो. एखाद्या सुट्या भागाला किती लोखंड, किती मजुरी, किती वीज लागली आणि तो किती रुपयांना विकला तर परवडेल, हे मांडण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. मी छाती पुढं काढून म्हणालो, "कुणाकडं जाऊ नकोस. आपणच काढू. हिशेब माझ्यावर सोड."

आणि तिनं सोडला. पाचशे प्रती छापायच्या ठरल्या. टाइपसेटिंग, कागद, छपाई, बांधणी असं सगळं धरून एक प्रत एकशे पाच रुपयांना पडत होती. अक्काच्या मनात किंमत शंभर रुपये होती. मी तिला समोर बसवून समजावलं. पुस्तकावर छापलेली किंमत लेखकाच्या हातात येत नसते. दुकानदार आणि वितरक मिळून त्यातले चाळीस-पंचेचाळीस टक्के ठेवतात. शंभर छापले तर तुला पंचावन्न मिळतील आणि प्रत्येक प्रतीमागं पन्नासची खोट बसेल. म्हणून खर्चाच्या तिप्पट किंमत लावायची. तीनशे वीस. त्यातले एकशे चव्वेचाळीस दुकानाचे, राहिले एकशे शहात्तर, त्यातून छपाई वजा केली की एकाहत्तर. त्यात टपाल, भेट द्यायच्या प्रती, न विकता परत येणाऱ्या प्रती... उरलं तर ती तुझी कमाई. अक्कानं सगळं ऐकलं. मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बोट करून म्हणाली, "यात माझी इतकी वर्षं कुठल्या रकान्यात टाकलीस?"

"ती धरत नाहीत अक्का."

"मग किंमत कशाची लावतोयस?"

"कागदाची," मी म्हणालो.

ती हसली. मला वाटलं, तिला पटलं. तीनशे वीस छापून आले.

प्रकाशनानंतर काही महिन्यांनी कर्णबधिर मुलांच्या पालकांचा एक मेळावा शहरात झाला. अक्काला बोलायला बोलावलं होतं. सभागृहाच्या दाराशी पुस्तकांचं टेबल मी सांभाळत होतो. कार्यक्रम चालू असतानाच एक बाई मुलाला काखेत घेऊन माझ्यापाशी आली. मुलाच्या कानातलं मशीन पडू नये म्हणून तिनं ते दोऱ्यानं त्याच्या शर्टाला बांधलं होतं. तिनं पुस्तक उघडलं, आरशासमोरचा फोटो होता ते पान बराच वेळ पाहिलं, मग पुस्तक उलटं करून किंमत वाचली. "दादा, काही कमी व्हतंय का?"

"नाही बाई, छापील किंमत आहे."

"दोनशे देते मी. सोयगावकडं जायचंय, गाडीभाडं ठिवावं लागंल."

मी नाही म्हणालो. का म्हणालो हे मला आजही नीट सांगता येत नाही. एकीला कमी केलं की सगळे मागतील, असं काहीतरी डोक्यात होतं. हिशेबात सवलतीची ओळ नव्हती म्हणूनही असेल. तिनं पुस्तक जिथून उचललं होतं तिथंच नीट ठेवलं आणि एसटी चुकेल म्हणून घाईनं निघून गेली.

अक्कानं व्यासपीठावरून हे पाहिलं होतं. कार्यक्रम संपल्यावर सरळ माझ्याकडं आली. "ती बाई पुस्तक ठेवून का गेली?" मी सांगितलं. अक्का कधी आवाज चढवत नसे. ओठ वाचणाऱ्या मुलाला वाढवताना तिला सावकाश, स्पष्ट बोलायची सवय लागली होती, आणि त्याच सवयीनं ती माझ्याशी बोलली. "दुकानदाराला तू प्रत्येक प्रतीमागं एकशे चव्वेचाळीस सोडतोस. आणि तिला एकशे वीस सोडवले नाहीत?" दुकानातून प्रत गेली असती तर आम्हाला एकशे शहात्तर मिळाले असते, तेही सहा महिन्यांनी, मागं लागून. ती बाई रोख दोनशे देत होती. आयुष्यभर आकडे मांडणाऱ्या मला हे त्या टेबलापाशी सुचलं नाही... अक्कानं एवढंच विचारलं, "नाव तरी विचारलंस का तिचं?" तेही मी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अक्का पिशवीत पुस्तकं भरून एसटीनं सोयगावला गेली. बाजाराच्या दिवशी तिथं हिंडली, औषधाच्या दुकानात विचारलं, अंगणवाडीच्या बाईंना गाठलं. ती बाई सापडली नाही, पण कानाला मशीन असलेली दुसरी दोन पोरं सापडली. एकाचं मशीन तर कपाटात ठेवून दिलं होतं, कारण ते कसं लावायचं हे घरात कुणालाच धड सांगितलेलं नव्हतं. तेव्हापासून तिचं जाणं सुरू झालं. महिन्यातून एकदा, कधी सोयगाव, कधी आजूबाजूची गावं. पुस्तकाच्या मागच्या किमतीवर तिनं पांढरे कागद चिकटवले आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात 'शंभर रुपये' लिहिलं. ते पाहून मी चिडलो. "छपाईसुद्धा निघत नाही यात. आणि एसटीचं भाडं कुणाच्या खात्यात धरायचं?" ती म्हणाली, "तुझ्या नको, माझ्या खात्यात धर." मला ते लागलं. त्यानंतर बरेच महिने मी तिच्याकडं पुस्तकाचा विषय काढला नाही, जाणंही कमी केलं. दुकानांमधल्या प्रतींपैकी निम्म्या कोपरे दुमडून परत आल्या, त्या मीच तिच्या घरी नेऊन टाकल्या. तीनशे वीसचा माझा आकडा चुकला, हे तेव्हा दोघांनाही कळलं होतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही. मी कबूल केलं नाही.

सगळ्या प्रती संपल्यावर, गेल्या उन्हाळ्यात, ती स्वतः चार छापखाने हिंडून आली. मला घरी बोलावलं आणि सगळं तोंडी सांगितलं. आकार लहान करायचा, रंगीत पानं काढायची, कागद साधा, हजार प्रती. एक प्रत बासष्टला पडते. किंमत शंभर. दुकानात एकही द्यायची नाही, सगळी थेट. उरलेल्या अडतीसमध्ये टपाल भागतं आणि पाच-दहा रुपये राहतात. "बरोबर आहे का रे?" तिनं विचारलं. पाठांतर म्हणून दाखवलेल्या मुलीसारखी ती माझ्या तोंडाकडं बघत होती. बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला त्यात चूक काढायला काही सापडेना. मी म्हणालो, "बघतो." पैशांची सोय तिनं केली होती. माझ्याकडून तिला हवी होती फक्त पुस्तकाची फाईल, जी पहिल्या वेळी मीच करून घेतली होती आणि माझ्या लॅपटॉपमध्ये होती. एक मेल पाठवायचा होता. मी आधी वार्षिक हिशेबाचं निमित्त सांगितलं, मग ऑडिटचं, मग दिवाळीचं. काम खरंच होतं, पण त्यामुळं मेल अडला नव्हता. माझ्याशिवाय, माझी रीत बाजूला ठेवून, हे पुस्तक नीट चालणार आहे हे मला सोसत नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या बाबतीत माणूस इतका कोता होऊ शकतो, हे मी स्वतःवरून शिकलो.

तेराव्यानंतर मी फाईल पाठवली. पाठवायला जेमतेम मिनिट लागलं. मुद्रितं निखिलनं तपासली. ती तपासत असताना एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मामा, आईला या पुस्तकातून किती मिळाले?" मी त्याच्याकडं तोंड करून, त्याला ओठ दिसतील असं सांगितलं, "काही नाही. थोडे खिशातलेच गेले." तो आत जाऊन अक्काचा मोबाईल घेऊन आला. "हा तू ठेव. पुस्तकात हाच नंबर छापलाय. फोन येतात. मला फोनवरचं कळत नाही."

मी तो घरी आणला. पहिले काही दिवस वाजला की मी नुसता बघत बसायचो. पडद्यावर नावं यायची तीसुद्धा अक्काच्या पद्धतीची... 'गौरीची आई', 'सिल्लोड आजोबा', 'मशीन ओलं झालं'. परवा दुपारी 'सविता, जरंडी' असं नाव आलं आणि मी उचलला.

"ताई हायेत का?"

"मी त्यांचा भाऊ बोलतोय. काय काम होतं?"

"पोरगं सारखं कानातलं काढून फेकतंय. लई वैताग आलाय बघा. ताईनं सांगितलं व्हतं कसं करायचं ते, मी इसरले."

नव्या पुस्तकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला होता. मी म्हणालो, "थांबा हं," आणि वरची प्रत ओढली. या पुस्तकाची पानं मी अनेकदा मोजली होती, छपाईच्या सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचा हिशेब केला होता, पण ते सलग कधी वाचलं नव्हतं. अनुक्रमणिकेत शोधत शोधत ते प्रकरण सापडलं. मी वाचायला लागलो. मशीन आधी थोडाच वेळ लावा. लावलेलं असताना पोराला आवडेल असाच आवाज करा, डबा वाजवा, नाव घ्या, गाणं म्हणा. रागावून लावू नका, नाहीतर ते त्याला शिक्षा वाटतं. तुम्ही दमला असाल त्या दिवशी राहू द्या, उद्या पुन्हा लावा.

"जरा हळू वाचा दादा," ती म्हणाली. मी पहिल्यापासून पुन्हा, हळू वाचलं. मागं पोराचा आवाज येत होता, शब्द नसलेला, मोठा. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आता ध्येनात आलं. ताईला सांगा, सविताचा फोन आलता. पोरगं 'आई' म्हनायलंय, हे बी सांगा."

तिला खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं...

"सांगतो," मी म्हणालो.