इंदूकाकूंनी न काढलेला फोटो

परसात जाताना इंदूकाकू रोज एकच विटका हिरवा गाऊन घालत. मुलीने पाठवलेले नवे गाऊन कपाटातच राहिले. "पाखरं मला नाही ओळखत गं, या गाऊनला ओळखतात," असं म्हणून गळ्यात कॅमेरा अडकवत आणि लिंबाच्या झाडासमोर स्टुलावर बसून राहत.

जबलपूरच्या आमच्या कॉलनीत त्या माझ्या शेजारी राहत. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. फुलपाखरांच्या अळ्या लिंबाची कोवळी पानं फस्त करत आणि काकू कौतुकाने त्यांचे फोटो काढत. कुणी औषध फवारायला सुचवलं की म्हणत, "काहून? लिंबं बाजारात मिळून जातात. फुलपाखरं मिळतात काय?"

मी वेगळ्या मुशीतली. आमच्या घरी पाहुण्याला चहाबरोबर पत्रक मिळे. अन्याय दिसला की छापायचा, तोही ठळक अक्षरात, हे मी लहानपणीच शिकले होते.

ते झाड काकूंनी लावलेलं, पण उभं होतं परसाच्या टोकाला, कॉलनीच्या जमिनीवर. तिथे गाड्या लावायच्या म्हणून समितीने ते तोडायचं ठरवलं. नेमकी तेव्हाच शिंपी पक्ष्याच्या मादीने दोन पानं कापसाने शिवून घरटं केलं होतं. आत पिल्लं होती. मी पत्रक लिहूनच काकूंकडे गेले. फक्त चोची उघडलेल्या पिल्लांचा एक फोटो हवा होता. तो पाहून अख्खी कॉलनी विरघळली असती.

काकूंनी सरळ नकार दिला. मी चिडले. झाडच गेलं तर तुमची ही नाजूक तत्त्वं कुठे बसणार, असंही विचारलं. त्या हसल्या.

"पानं बाजूला केल्याशिवाय पिल्लं दिसत नाहीत. मी ती केली, की तारेवरच्या कावळ्यालाही दिसतात. मग तुझं पत्रक वाचायला तोच येईल."

त्यांनी समितीच्या तिवारीजींना चहाला बोलावलं आणि कप हातात देऊन स्टुलावर बसवलं. शिंपीण चोचीत अळी घेऊन तारेवर आली, पण घरट्याकडे जाईना. काकू हळूच म्हणाल्या, "भैया, आपका कुर्ता सफ़ेद है, डर रही है." आणि त्यांनी एक जुनी हिरवी चादर तिवारीजींना गुंडाळली. साऱ्या कॉलनीला नोटिसा बजावणारा तो माणूस चादरीतून डोकं काढून श्वास रोखून बसला. चहा गार झाला. शेवटी ती घरट्यात शिरली, आणि शिवलेल्या पानांतून बारीक चिवचिव ऐकू आली.

तिवारीजी बराच वेळ उठले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "बच्चे उड़ जाएँ, फिर देखेंगे."

पिल्लं उडाली. तिवारीजींचं 'फिर' मात्र अजून आलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. नर्मदेकाठच्या ग्वारीघाटावर त्यांना निरोप देऊन परतल्यावर त्यांच्या मुलीने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. मी हिरवा गाऊन मागून घेतला. पुढे आम्ही दोघींनी त्यांचे सगळे फोटो पाहिले. पाखरं, अळ्या, कोष, आणि चादरीतले तिवारीजी. घरट्यातलं पिल्लू एकही नव्हतं.

पत्रकं मी अजूनही लिहिते, ठळक अक्षरातच. पण कुणाचं उघडं दुःख पहिल्या पानावर मांडायला हात शिवशिवतात, तेव्हा आधी तारेवर नजर टाकते. कावळा बसलेला असतोच.