कुसाबाईचा उपास आणि रेहानाची डबी

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू लावणारी कुसाबाई मरणाच्या दारातून परत आली, तोवर जावेने तिचा पितळी हंडा उचलून नेला होता. कुसाबाईने तो भांडून परत आणला. नवरा सावळीराम आधीच गेला होता. एचआयव्ही दोघांनाही, पण बरं वाटतंय म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या आणि टीबीने त्याला गाठलं. कुसाबाईने मात्र एकही गोळी चुकवली नाही.

यंदा लेक भाग्यश्री सुखरूप बाळंत झाली आणि कुसाबाईला नवस आठवला. आजारात ती सप्तशृंगीला बोलली होती, नातवंड पाहायला जगले तर नवरात्रात पाण्याशिवाय पोटात काही जाऊ देणार नाही. काही नाही म्हणजे गोळीसुद्धा नाही. जगवल्याचे आभार मानायला बाई स्वतःच्याच जिवावर उठल्या होत्या.

दुसऱ्या माळेला संध्याकाळी रेहाना आली. शिवणकाम करणारी, फटकळ तोंडाची ही मैत्रीण सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्याच गोळ्यांच्या रांगेत भेटलेली. कुसाबाई हार ओवत होती, डोळे खोल गेलेले.

"गोळी घेतली?"

"उपास हाय."

"रोजे मीपण धरते. डॉक्टरला विचारून गोळी रोजा सोडल्यावर घेते. तुझ्या देवीला काय तू मेलेली पाहिजे?"

"नवस मोडला तर बाळावर येईल, रेहाना."

खरी भीती ही होती. रेहानाने पर्समधून आपली गोळ्यांची डबी काढून झेंडूच्या ढिगावर ठेवली. "मग माझापण उपास. तू घेशील तेव्हा मी घेईन."

कुसाबाईची सुई थांबली. रेहाना नुकतीच टीबीतून उठली होती, अजून चालताना तिला धाप लागायची. "येडी का तू? मरशील."

"तुला चालतं ना मेलेलं."

कुसाबाई देवीच्या फोटोकडे बघत राहिली. मग उठली, भगर शिजवली, थोडी खाल्ली. "आई, बोलले मी, मोडते मी. राग माझ्यावर काढ, लेकराला हात लावू नको," म्हणाली आणि गोळी गिळली. "आता तुझी घे."

"मी घरूनच गिळून निघाले," डबी पर्समध्ये टाकत रेहाना म्हणाली. "तुझ्या भरवशावर राहू का?"

कुसाबाईने अर्धा हार तिच्या अंगावर फेकला आणि तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने उरलेली भगर रेहानापुढे सरकवली.

"खा. आन् उद्या बी ह्याच वेळंला ये."