चार वाट्यांतले पिवळे पाणी

प्रथम क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे इतरांनी लिहिलेली पुस्तके जागच्या जागी ठेवण्याचे काम मी केले. स्वतः चार ओळी लिहिण्याचे धाडस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी करते आहे. या स्तंभातले अनुभव मी वाचत असे ते काहीशा अविश्वासानेच. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि ते सापडले नाही तर आपण नीट शोधलेले नसते, असे माझे मत होते. अजूनही बहुतांशी तसेच आहे... म्हणून तर लिहिते आहे.

आम्ही नागपूरला नंदनवनात राहतो. माझे यजमान शाळेत चित्रकला शिक्षक होते. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाचे लग्न झाले. त्यामुळे वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, याच त्यांना आईच्या ठिकाणी. गेल्या वर्षी जाऊबाई गेल्या आणि हे गप्प झाले. रंगांचे डबे माळ्यावर गेले. सकाळी खुर्चीत बसत, ते थेट जेवायलाच उठत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मी फिरायला नेऊ लागले. फरक पडला नाही.

जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात एक जाळीचे कपाट होते. दूध, दही, तूप, लोणी सगळे त्यात. कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे असत. नवी नवरी म्हणून मी प्रथम त्याचे कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पाय पाण्यात असले त मुंगीले रस्ता नाही भेटत वं." त्या पाण्यात रोज चिमूटभर हळदही टाकत. त्यांच्या पश्चात त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, ते कपाट भंगारात देणार होता. यजमानांनी ते हातगाडीवर घालून आमच्याकडे आणले आणि मागच्या खोलीत ठेवले. तसेच पडून राहिले.

मार्चमध्ये आमच्या मुलीने पुण्यात घर बदलले. नव्या घरमालकांना प्राणी चालत नव्हते, म्हणून तिचे दोन गिनीपिग आमच्याकडे आले. दोन्ही माद्याच आहेत, असे दुकानदाराने तिला सांगितले होते. लोखंडी पिंजऱ्यात त्यांना दाटीवाटीने बसलेले पाहून हे दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून करवतीचा आवाज आला.

त्या दीड महिन्याविषयी लिहिताना माझे शब्द अपुरे पडतात. यांनी लकडगंजात हिंडून जुन्या सागवानाच्या पट्ट्या आणल्या. मधली फळी अर्धी कापून तिथे उताराची वाट केली, पाय घसरू नयेत म्हणून तिच्यावर बोटभर अंतराने आडव्या काड्या ठोकल्या. गंजलेली जाळी काढून बारीक छिद्रांची नवी बसवली. खाली पत्र्याचा ओढता ट्रे, त्यावर गवत. दारांच्या खालच्या भागात काच, म्हणजे आत काय चालले आहे ते खुर्चीतून दिसावे. प्राणी लाकूड कुरतडतात म्हणून आतून पॉलिश मुळीच नाही. प्रत्येक कड मात्र पॉलिशपेपरने इतकी घासली की माझ्या तळव्याला रेशमासारखी लागली. जाऊबाई ज्या हुकाला दुधाची गाळणी टांगत, त्या हुकाला पाण्याची बाटली लागली. तो हूक यांनी बदलला नाही.

शेजारचे डेहनकर बघायला आले. "काहून गा मास्तर, जिथं दूध ठेवाचं तिथं उंदरं ठेवून राहिला?"

"पाहुणे हायेत," हे म्हणाले. "दिवाळीपर्यंत राहतीन."

वर्षभरात यांनी केलेली ती पहिली थट्टा. मी आत जाऊन डोळे पुसले.

एप्रिलच्या शेवटी कपाटाच्या पायांवरून लाल मुंग्या आत शिरल्या आणि एका जीवाचा पंजा सुजला. यांनी चष्मा लावून तासभर एकेक मुंगी काढली. नंतर जाऊबाईंच्याच त्या वाट्या — तीन चिनी मातीच्या, चौथी फुटल्यामुळे स्टीलची — पायांखाली आल्या आणि रोज सकाळी त्या भरण्याचे काम माझ्याकडे आले. हळद मी टाकत नसे. डाग पडतात आणि साधे पाणी पुरते, असे माझे सुशिक्षित मत. मात्र मे महिन्यात एका दिवसात वाटी कोरडी होई.

मेच्या मध्यावर त्या दोन 'माद्यां'पैकी एकीला तीन पिल्ले झाली. आणि चौथ्याच दिवशी अमरावतीला माझ्या भाच्याचे लग्न. एका रात्रीचा प्रश्न होता. यांनी गवत, काकडी, दोन बाटल्या पाणी अशी सगळी तयारी केली, कूलर हळू ठेवला आणि सामान घेऊन गाडीत जाऊन बसले. मी तांब्या भरून कपाटाजवळ नेला. तेवढ्यात फोन वाजला. वराच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा. बोलत बोलत मी कुलूप लावले.

अमरावतीच्या वाटेवर, कोंढाळीच्या पुढे आठवले. वाट्या भरल्याच नव्हत्या.

मी सांगितले नाही. सांगितले असते तर हे तिथूनच परतले असते. आणि खरे म्हणजे मला लाज वाटली. हे लग्नात प्रत्येकाला मोबाइलवर पिल्लांचे फोटो दाखवत होते आणि मी पंगतीत बसून घड्याळ बघत होते. पिल्ले मेली तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाईल आणि उठणार नाही, एवढेच डोक्यात होते.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास घरी पोहोचलो. कुलूप मीच काढले. मागच्या खोलीत, खिडकीपासून कपाटापर्यंत लाल मुंग्यांची बोटभर रुंद रांग होती. ती पहिल्या वाटीपाशी येऊन वळली होती. दुसरीपाशीही. चारही वाट्या काठोकाठ भरलेल्या. पाणी पिवळसर, तळाशी हळद बसलेली. आत तिन्ही पिल्ले आईला बिलगून.

माझा तांब्या जिथे ठेवला होता तिथेच होता. भरलेला.

यांनी वाकून एका वाटीत बोट बुडवले आणि तळाची हळद बोटावर घेऊन बघितली. मग म्हणाले, "तू हळद टाकली वं... वहिनी टाके तशी."

मी होय म्हणून मान हलवली.

घराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी पुण्याला मुलीकडे. डेहनकर त्या आठवड्यात गावाला होते. खिडक्या आतून बंद. हळदीचा डबा उघडून पाहिला, पण घरातली हळद कोण मोजून ठेवते? मीच भरून विसरले असेन, असेही स्वतःला समजावून पाहिले. पण मी कधी हळद टाकत नव्हते आणि तांब्या भरलेला होता. आज इतके महिने झाले, मला कारण सापडलेले नाही.

त्या संध्याकाळी यांनी माळ्यावरून रंग काढले. आता कपाटाच्या दारांवर जास्वंद आहे. आल्यागेल्याला हे कपाट दाखवतात आणि शेवटी न चुकता सांगतात, की वहिनीची रीत हिने राखली. मीही आता रोज हळद टाकते, पण ते कौतुक माझे नाही, हे मला माहीत आहे. हा स्तंभ ते वाचत नाहीत, म्हणून इथे विचारण्याचे धैर्य करते.

मी त्यांना खरे सांगावे का?