नानांच्या शेजारची सीट

नाना पिकअप सुरू करायचे, पहिला गिअर टाकायचे आणि गाडी हलण्याआधी मान मागे वळवून मोकळ्या हौद्याला विचारायचे, "कोन ऱ्हायलं का?" हौद्यात माणूस नसायचं, मालही नसायचा. फार तर एखादी कोंबडी. तरी उत्तरासाठी ते जरा थांबत आणि मगच क्लच सोडत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू दाबायला मला पदर तोंडाशी धरावा लागला. पुढे इतकी सवय झाली, की नाना एखाद्या दिवशी विचारायचे विसरले असते तर मीच विचारलं असतं.

मी तेव्हा जामखेड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिक्षिका होते. नवरा नोकरीसाठी नगरला, मी जामखेडात खोली घेऊन. दोन गावांत दोन चुली आणि दोन्हींवर एकेका माणसाचा भात. शाळा दोन खोल्यांची, आणि तिची भिंत नानांच्या अंगणाला लागून. वाडीत नाना पुष्कळ होते, म्हणून यांना पिकअपवाले नाना म्हणत. मी येण्याच्या आधी, रस्ता कच्चा होता आणि एसटी वाडीत येत नव्हती, त्या काळात नानांची पिकअप हीच वाडीची एसटी, रुग्णवाहिका आणि वरातीची गाडी. सकाळी दुधाचे कॅन आणि माणसं घेऊन जामखेडला जायचं, संध्याकाळी रिकामे कॅन आणि तीच माणसं परत आणायची. मग रस्त्यावर डांबर पडलं, घरटी मोटारसायकल आली, दुधाचा टेम्पो दारात येऊ लागला. नानांनी पिकअप विकली. ती विकल्याचं त्यांनी मला कधी धड सांगितलं नाही. "गेली" एवढंच म्हणायचे.

बायको गेल्यानंतर काही वर्षांनी नाना कुणाच्या तरी लग्नाला श्रीगोंद्याकडे गेले होते. तिथे उसाच्या कडेला, विहिरीजवळ, त्यांना एक गंजलेलं धूड दिसलं. जीपच्या तोंडाची जुनी पिकअप. चाकं जमिनीत रुतलेली, काचा गायब आणि आत कोंबड्यांचा खुराडा. नाकाडावर डावीकडे पोचा होता. तो पोचा आपल्याच वाडीच्या बैलाने मारलेला, हे नानांनी लांबूनच ओळखलं. लग्न लागायचं राहिलं बाजूला, नाना मालकाला गाठून बसले. मालक म्हणाला, गाडी न्या, कोंबड्या ठेवा. ट्रॅक्टरच्या मागे टोचन लावून गाडी वाडीत आली, तेव्हा सीटच्या खाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली. एवढा प्रवास करूनही ती उठली नव्हती. नानांनी मालकाला फोन करून तेही कळवलं. तो म्हणाला, आता राहू द्या तिला तिकडंच.

जामखेडचे रफिक मिस्त्री गॅरेज बंद असेल त्या दिवशी वाडीत यायचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खालचा पत्रा बोटाने दाबला, तर बोट आरपार गेलं. म्हणाले, "नाना, ही दुरुस्त करायची म्हंजी मेलेल्याला सलाईन लावायची." नाना म्हणाले, "लाव." झालं. इंजिन उतरवून अंगणात ताडपत्रीवर मांडलं गेलं. कुठला भाग नगरला लेथवर गेला, कुठला नेवाशाच्या भंगारात सापडला. वर्गाच्या खिडकीतून मला रोज गाडीखाली दोन पाय दिसायचे, कधी मिस्त्रींचे, कधी नानांचे. एकदा मुलं पाढे म्हणत होती आणि बाहेर पत्र्यावर हातोडा चालला होता. मी तरातरा जाऊन नानांना सुनावलं, की शाळा तरी बंद करते नाहीतर तुमचा कारखाना. नाना खाली मान घालून "चुकलं, बाई" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून ठोकाठोक मधल्या सुट्टीत होऊ लागली. मधल्या सुट्टीत डोकं दुखायला लागलं, पण आता बोलायची सोय राहिली नव्हती.

नानांचा एक शब्द ठरलेला होता: रोजची. मिस्त्रींना गाडी सजवायची हौस. जुन्या गाड्यांना सध्या लई भाव आहे, चकाकता रंग देऊ, रुंद टायर टाकू, लोक मोबाईलवर फोटो टाकतील, असं ते सांगत बसायचे. नाना म्हणायचे, "मला मिरवायची न्हाई, मला रोजची पायजे." म्हणजे ब्रेक नवे हवेत, वायरिंग नवं हवं, थंडीत पहिल्या सेल्फला सुरू व्हायला हवी, वायपर चालायला हवा. पोचा मात्र तसाच राहू द्यायचा, कारण त्याने काही अडत नाही. फक्त सीटवरून दोघांचं वाजलं. मिस्त्रींनी कुठल्याशा नव्या गाडीच्या दोन सुट्या सीटा आणल्या होत्या, मऊ, मागेपुढे सरकणाऱ्या. नानांनी त्या परत पाठवल्या आणि पूर्वी होती तशी एकसलग लांब सीट जामखेडात शिवून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "सुट्या खुर्च्यांवर मानूस शेजारी बसल्यावानी वाटत न्हाई."

गाडी तयार होऊन पासिंग झालं, त्याच आठवड्यात एक मोठा बागायतदार आला. त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरीला जुन्या पिकअपच्या हौद्यात, फुलांच्या कमानीखाली उभं करून मांडवात आणायची टूम निघाली होती. गाडी विकत द्या नाहीतर सीझनभर भाड्याने द्या, म्हणत होता. नानांनी त्याला चहा पाजला, मुलीला आशीर्वाद दिला आणि नाही म्हणून सांगितलं. "नवरी येक दिस हुबी ऱ्हानार. मला शेजारी रोज बसनारं मानूस पायजे." बागायतदाराला काही कळलं नाही. मला कळलं आणि त्या दिवशी मला शिकवायला सुचलं नाही. सगळ्या खटाटोपामागे एवढंच मागणं आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना जामखेडला निघाले. काम काही नव्हतं. स्टँडसमोर चहा घ्यायचा, पेपर घ्यायचा आणि परत यायचं. पण जुन्या प्रत्येक थांब्यावर ते थांबले: ओढ्यावर, चिंचेखाली, फाट्यावर. प्रत्येक ठिकाणी हॉर्न दिला, वाट पाहिली. मालाची गाडी, हौद्यात माणसं बसवायची नाहीत, भाडं घ्यायचं नाही, हे सगळं नानांना मान्य होतं. पुढे एका माणसाची जागा होती, तेवढी भरली तरी पुरे होतं. कुणी बसलं नाही. वाडीची माणसं वाईट नव्हती. "नाना, व्हा पुढं," असं हसून सांगत आणि मोटारसायकलवरून नानांच्या आधीच जामखेडला पोहोचत. घाई प्रत्येकाला होती, आणि नानांच्या गाडीला तेवढी नव्हती.

त्याच सकाळी मी स्टँडवर न येणाऱ्या एसटीच्या नावाने बोटं मोडत उभी होते. पिकअप माझ्यापुढे थांबली. नाना उतरले, पलीकडून येऊन खांद्यावरच्या टॉवेलाने सीट पुसली आणि म्हणाले, "बसा, बाई." मी बसले. त्यानंतर बदली होईपर्यंत मी रोज सकाळी तिथेच बसत गेले. एसटी वेळेवर आली तरी तिला जाऊ द्यायचे.

त्या प्रवासात नाना फार बोलत, असं नाही. इंजिनाचा आवाजच एवढा, की निम्मं ऐकूच यायचं नाही. पूर्वी बाजारच्या दिवशी बायको शेजारी बसायची, हे त्यांनी सांगितलं. तिचा उल्लेख ते त्यांच्या वयाची माणसं करतात तसाच करायचे, "आमची मंडळी" किंवा नुसतंच "ती". मुलगा चाकणला कंपनीत होता, सून भली होती, दोघंही तिकडे बोलवत. नाना जाऊन राहून आले होते आणि परतले होते. एकदा घाटातल्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेताना ते म्हणाले, "घरात कुनी नसलं तर चालतंय, बाई. रेडिओ लावता येतो. पन गाडीत शेजारी मानूस नसलं, तर चाललोय कशाला तेच कळत न्हाई." संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना मलाही तसंच होत असे. आमचं त्या सकाळच्या अर्ध्या तासावर निभत होतं, त्यांचंही आणि माझंही.

मग माझी बदली नेवासा तालुक्यात झाली. नगर जवळ, घर जवळ, मला हवी होती तीच जागा. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. नानांना सांगायचं मात्र चार दिवस लांबवलं. सांगितलं तेव्हा ते "ब्येस झालं" म्हणाले आणि माझी ट्रंक, गादी, गॅसची शेगडी असं सगळं बिऱ्हाड स्वतः येऊन हौद्यात भरलं. मला नगरच्या गाडीत बसवून देताना म्हणाले, "शीट मोकळं ऱ्हाईल म्हनून जिवाला लावून घिऊ नका. रस्त्याला मानसं लई हायेत." मी शाळेतल्या बाईंचा आवाज काढून दटावलं, की रोज कोण बसतं ते मला कळलं पाहिजे, दर रविवारी मी हजेरी घेणार आहे.

नानांनी ते खरंच धरलं. रविवारी सकाळी फोन यायचा, "बाई, घ्या हजेरी." आणि नाना आठवड्याच्या सवाऱ्या सांगायचे. चिंचेखालून शिवराम गुरव बसला, जामखेडला दवाखान्यात जायचा होता. फाट्यावरून धोंडूमावशी बसली, सगळ्या रस्ताभर तंबाखू मळत होती. प्रत्येक नावाला मी इकडून "हजर" म्हणायचे आणि नाना फोनवर खुदखुदत. मला बरं वाटायचं. उशिरा का होईना, वाडीच्या माणसांना जाग आली म्हणायची.

बाजारच्या दिवशी ओढ्यावरून बसणारी एक हिराबाई होती. तिच्याबद्दल नाना जास्त बोलायचे. गिअर वाजला की ती टोकते. शेंगा आणते आणि टरफलं गाडीतच टाकते. काच खाली करा म्हणते आणि मग धूळ येते म्हणून कुरकुरते. असली सवारी नानांना मिळाली याची मला मजा वाटायची आणि थोडा हेवाही वाटायचा. मी टवाळी करायचे, की हिराबाईंना आमचा नमस्कार सांगा, त्यांनी माझी जागा बळकावली. नाना म्हणायचे, "सांगतो की. ती बी तुमची चौकशी करती. म्हनली, बाईला येकदा जेवाया बोलवा."

दीडेक वर्ष हे चाललं. मग एका रविवारी फोन नानांच्याच नंबरवरून आला, पण बोलत होता त्यांचा मुलगा. नाना आदल्या दिवशी, झोपेतच गेले होते.

मी दहाव्याला गेले. नदीवरून लोक परतल्यावर अंगणात बसले होते. पिकअप तिथेच उभी होती, पुसून स्वच्छ. रफिक मिस्त्री माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमी गेल्यावर त्या गाडीत कुनी बसलं न्हाई, बाई. येकदा मी बसलो, ब्रेक बघाया. पन रोज थांबायचे, रोज हॉर्न द्यायचे." मी म्हटलं असं कसं, शिवराम गुरव होते, धोंडूमावशी होती. मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. शिवराम गुरव त्यांनी गॅरेज टाकायच्या आधीच वारला होता. धोंडूमावशी त्याच्याही आधी.

"आणि हिराबाई?" मी विचारलं.

चहाचे कप गोळा करणारी नानांची सून थांबली. "ते आमच्या सासूबाईंचं नाव," ती म्हणाली. "तुमाला कुनी सांगितलं?"

नवऱ्याने बायकोचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे त्या पिढीचं वळण. नानांनी ते जन्मभर पाळलं. घेतलं असेल तर लग्नात एकदा, उखाण्यात. आणि माझ्यापाशी मात्र ते दर रविवारी ते नाव घ्यायचे, आणि मी इकडून, भाजी निवडता निवडता, म्हणायचे, "हजर."